आठ पायांची शांत बिऱ्हाडकरू

मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यालगत कोलिमा, मिचोआकान, गेरेरो या राज्यांत काटेरी, पानझडीची रानं आहेत. पावसाचे महिने सोडले तर वर्षाचा बराच काळ ती वाळून कोळ झालेली असतात. तिथल्या दगडांखाली आणि झाडांच्या मुळांत तळहाताएवढे कोळी बिळं करून राहतात. अंग काळं, पाठीवरच्या ढालीला फिकट कड आणि प्रत्येक पायाच्या गुडघ्यावर पेटत्या निखाऱ्यासारखा केशरी-लाल पट्टा. दिवस मावळला की मादी बिळाच्या तोंडाशी येते, पुढचे पाय जमिनीला टेकवते आणि थांबते. तासन्‌तास थांबते. जवळून एखादा नाकतोडा चालत गेला की त्याच्या पावलांचा कंप तिच्या पायांवरच्या केसांना कळतो. डोळे आठ असले तरी त्यांना उजेड-अंधारापलीकडे फारसं दिसत नाही. शिकार चालते ती सगळी स्पर्शावर. नाकतोडा टप्प्यात आला की एक झेप, दोन सुळे, आणि पुन्हा सगळं स्तब्ध.

हीच मादी आज लंडन, बर्लिन, टोकियोतल्या फ्लॅटमध्ये, पुस्तकांच्या कपाटावर ठेवलेल्या काचेच्या पेटीत राहते. पाळीव कोळ्यांच्या जगात ‘मेक्सिकन रेड-नी’ हे सर्वांत ओळखीचं नाव. तिच्या जोडीला चिलीची ‘रोझ’, मध्य अमेरिकेतली कुरळ्या केसांची ‘कर्ली हेअर’, दक्षिण ब्राझील आणि उरुग्वेकडची मखमली ‘ब्राझिलियन ब्लॅक’, पॅराग्वे-अर्जेंटिनाच्या चाको मैदानांतली ‘गोल्डन नी’ अशी मोजकी मंडळी आहेत. टॅरंट्युला कुळात एक हजाराहून जास्त प्रजाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक नवख्या माणसाने घरात आणू नयेत अशाच. झाडावर राहणाऱ्या प्रजाती डोळ्यांचं पातं लवायच्या आत पसार होतात, आशिया-आफ्रिकेतल्या अनेक चटकन चावतात आणि त्यांचं विषही जास्त त्रास देतं. वर नावं घेतलेल्या मात्र जमिनीवर राहणाऱ्या, सावकाश चालणाऱ्या आणि चावण्यापेक्षा मागे सरकणं पसंत करणाऱ्या आहेत. म्हणून त्यांना शांत म्हणतात.

या ‘शांत’पणाचा अर्थ मात्र नीट समजून घ्यायला हवा. कुत्रा माणसाळतो, मांजर निदान घराला सरावतं, पोपट आवाज ओळखतो. टॅरंट्युलाच्या बाबतीत यातलं काहीच घडत नाही. दहा वर्षं रोज पाणी भरणारा हात आणि पहिल्यांदाच आत आलेला अनोळखी हात तिच्या लेखी सारखेच. हात समोर आला आणि ती जागची हलली नाही, तर तो विश्वास नव्हे. धोका टळेपर्यंत हलायचं नाही, हा तिचा स्वभाव. हे एकदा मनाशी पक्कं झालं की तिला पाळण्याचं बाकीचं सगळं शास्त्र सोपं होतं, कारण ते जवळजवळ पूर्णपणे तिला एकटं सोडण्याचं शास्त्र आहे.

मग माणसं हा प्राणी पाळतात तरी कशासाठी? जागा कमी लागते, आवाज नाही, वास नाही, केस गळून सोफ्यावर पडत नाहीत, पंधरा दिवस गावाला गेलं तरी पाण्याची वाटी भरलेली असली की पुरतं. ही सोय झाली. पण जे वर्षानुवर्षं पाळतात ते सोयीसाठी पाळत नाहीत. कोट्यवधी वर्षांपासून जवळपास त्याच ठेवणीत चालत आलेलं एक जनावर बीळ कसं खणतं, रेशमाचं अस्तर कसं लावतं, कात कशी टाकतं, हे हातभर अंतरावरून पाहायला मिळणं ही त्यांच्या दृष्टीने मोठी गोष्ट असते. कॅनडातल्या स्टॅनली आणि मार्गरिट शुल्ट्झ या दांपत्याने ‘द टॅरंट्युला कीपर्स गाइड’ हे जाडजूड पुस्तक लिहिलं, ते अशाच आयुष्यभराच्या निरीक्षणातून. इंग्रजी वाचणाऱ्या शौकिनांच्या कपाटात ते हमखास सापडतं.

टॅरंट्युलाची बदनामी जुनी आहे. मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीने 1705 मध्ये सुरीनामच्या कीटकांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातल्या एका चित्रात भलाथोरला कोळी चिमुकल्या हमिंगबर्डला खाताना दाखवला आहे. ‘पक्षी खाणारा कोळी’ हे नाव त्या चित्रामुळे रूढ झालं. विसाव्या शतकात हे काम सिनेमाने हाती घेतलं. 1990 च्या ‘होम अलोन’मध्ये चोराच्या चेहऱ्यावर चालणारा टॅरंट्युला खराच होता, डॅनियल स्टर्न या अभिनेत्याने तो खरोखर तोंडावर ठेवून घेतला होता. पडद्यावर भीती विकायला आणलेलं जनावर सेटवर इतकं निमूट असतं, ही गोष्ट प्रेक्षकांपर्यंत कधी नीट पोहोचली नाही.

शौक वाढला तशी मागणी वाढली, आणि ती भागवली गेली थेट रानातून. 1970 आणि 80 च्या दशकांत मेक्सिकोच्या बिळांतून उपसलेल्या रेड-नी अमेरिका-युरोपच्या दुकानांत पोहोचत होत्या. यांच्या माद्या वयात यायलाच सहा-सात वर्षं किंवा त्याहून जास्त घेतात. त्यामुळे एका डोंगरउतारावरच्या मोठ्या माद्या काढून नेल्या की तो उतार भरून यायला माणसाची अर्धी पिढी लागते. 1985 मध्ये रेड-नीचं नाव वन्यजीव व्यापारावरच्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेलं, आणि पुढच्या दशकात तिच्या वंशातल्या सगळ्याच प्रजातींना ते संरक्षण मिळालं. तेव्हापासून परवान्याशिवाय त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार करता येत नाही. मेक्सिकोत आता सरकारी परवान्यावर त्यांची पैदास होते, आणि युरोप-अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक रेड-नी बंदिवासातच जन्मलेल्या असतात.

गंमतीची नव्हे, विचार करायला लावणारी गोष्ट अशी की ज्या प्राण्याला जगाने एवढं डोक्यावर घेतलं, तो एक नसून दोन आहेत, हे पक्कं व्हायला 2017 उजाडावं लागलं. मेक्सिकोतल्या मेंदोसा आणि फ्रँके या संशोधकांनी बाल्सास नदीच्या दोन बाजूंच्या रेड-नी वेगवेगळ्या प्रजाती असल्याचं दाखवलं. ‘ब्रॅकिपेल्मा स्मिथी’ आणि ‘ब्रॅकिपेल्मा हॅमोराय’ ही त्यांची नावं. त्याआधी दुकानांत ‘स्मिथी’ म्हणून विकलेल्या कित्येक माद्या प्रत्यक्षात दुसऱ्याच होत्या.

तस्करी मात्र कायद्याने थांबली नाही. 2010 मध्ये लॉस एंजेलिसच्या टपालात जवळपास तीनशे जिवंत टॅरंट्युला असलेलं पार्सल सापडलं. अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने सापळा रचला आणि वर्ष संपता संपता जर्मनीतल्या एका विक्रेत्याला अटक केली. त्याने पाठवलेल्या एका खेपेत पिल्लं प्लॅस्टिकच्या रंगीत स्ट्रॉमध्ये भरलेली होती. पार्सलातून येणाऱ्या या पिल्लांतली काही वाटेतच मरतात, आणि विकणारा ते धरूनच जास्तीची पाठवतो.

आता पेटीकडे वळू. जमिनीवर राहणाऱ्या टॅरंट्युलाची पेटी लांबरुंद हवी, उंच नको. हा नियम सगळ्यांत आधी सांगायला हवा, कारण नेमका इथेच नवखा माणूस चुकतो. दुकानात मिळणारी माशांची टाकी उंच असते. काचेवर चढलेली जडशी मादी दीड फुटावरून खाली दगडावर पडली की तिचं पोट फुटू शकतं, आणि त्यावर उपचार जवळपास नाहीत. म्हणून मातीच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंतचं अंतर तिच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नसावं. टाकी उंचच असेल तर सोपा उपाय म्हणजे माती जास्त भरायची. कोकोपीट चांगलं चालतं, नर्सरीत विटेसारखं दाबलेलं मिळतं तेच, पण खत किंवा औषध न मिसळलेलं. चार ते सहा इंच थर हवा. लपायला कोपऱ्यात झाडाच्या सालीचा तुकडा, फुटलेल्या कुंडीची अर्धी खापरी किंवा नारळाची करवंटी पालथी घालून द्यावी. पाण्याची उथळ वाटी कायम भरलेली असावी. वाटीत स्पंजचा तुकडा ठेवण्याची जुनी पद्धत आहे, ती सोडून द्यावी. कोळी थेट पाणी पितात, आणि स्पंजात फक्त जंतू वाढतात.

खोलीचं तापमान माणसाला सोसतं तेवढं तिलाही सोसतं. 22 ते 28 अंश सेल्सियसच्या दरम्यान ती मजेत असते. पेटीत दिवा लावायची, तापणारा दगड ठेवायची गरज नसते. उलट त्यांनीच प्राणी सुकून मरतात. हवा खेळती हवी आणि झाकणाला खटका हवा. या माद्या पायांनी झाकण उचलून पाहतात आणि सैल असेल तर बाहेर पडतात. घरात झुरळांसाठी औषध फवारायचं असेल तर पेटी आधी दुसरीकडे न्यायला हवी, आणि खोलीत औषधाचा वास असेपर्यंत परत आणायची नाही. कीटकांना मारायला बनवलेलं औषध कोळ्यालाही मारतं. वरवर साधी वाटणारी ही गोष्ट न पाळल्यामुळे कित्येक पाळीव टॅरंट्युला दगावतात.

खायला जिवंत कीटक लागतात. पाळलेले रातकिडे, ‘डुबिया’ नावाची दक्षिण अमेरिकी झुरळं, मीलवर्म. स्वयंपाकघरात सापडलेलं झुरळ मुळीच देऊ नये, त्याने कुठे औषध चाखलं असेल सांगता येत नाही. शिकार मादीच्या पोटापेक्षा मोठी नसावी. वाढ झालेल्या मादीला आठवड्या-पंधरवड्यातून एकदा दिलं की भरपूर झालं. दिलेला कीटक तिने चोवीस तासांत खाल्ला नाही तर बाहेर काढायचा. कौतुकाने रोज खाऊ घालणारेही असतात. त्यांची मादी फुगून लिंबाएवढं पोट घेऊन फिरते, आणि असं ताणलेलं पोट करवंटीच्या कडेला घासलं तरी फाटू शकतं.

आणि मग एक दिवस ती खाणं बंद करते. चिलीच्या रोझची तर ही ख्यातीच आहे. महिनेच्या महिने, कधी वर्षभराहूनही जास्त काळ ती अन्नाला शिवत नाही. पाळणारा हवालदिल होतो, पेटी बदलतो, वेगळे किडे आणतो, पाण्याचे फवारे मारतो. त्यातलं काहीही करायचं नसतं. पोट भरलेलं दिसतंय आणि वाटीत पाणी आहे, एवढं पुरतं. कमी खाऊन दीर्घकाळ जगणं ही या प्राण्याची खरी ताकद आहे, आणि कोरड्या रानात ती टिकली ती याच बळावर.

उपवासाचं दुसरं कारण कात. पाळणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी डोळे भरून पाहावं असं काही असेल तर ते हे. कात टाकायच्या आधी काही आठवडे मादी सुस्तावते. पोटावरचे केस झडून टक्कल पडलेलं असेल तर तिथली कातडी हळूहळू काळी पडते; आत नवे केस तयार झालेले असतात, ते जुन्या कातडीतून दिसू लागतात. मग एका रात्री ती जमिनीवर रेशमाची चटई विणते आणि तिच्यावर पाठ टेकून चक्क उताणी होते. आठही पाय वर. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती मेली असंच वाटतं. कित्येकांनी तिला ‘वाचवायला’ सरळ करून खरोखर मारलं आहे. उताण्या टॅरंट्युलाला हात लावायचा नाही, पेटी हलवायची नाही, पाणी मारायचं नाही.

बराच वेळ काहीच होत नाही. मग ढालीच्या कडेने बारीक चीर पडते आणि ती टोपणासारखी उचलली जाते. आता सुरू होतं खरं कष्टाचं काम. जुन्या पायांतून नवे पाय ओढून काढायचे, एकेक करून नव्हे तर सगळे एकदम, थोडे थोडे, लयीत. मधे विश्रांती, पुन्हा ओढ. केसन्‌केस, नखं, सुळ्यांचं टरफल, इतकंच काय पण जठराच्या आतलं अस्तरही जुन्या कातीबरोबर निघून येतं. हे सगळं काही तास चालतं. शेवटी कुशीवर पडलेली मादी दिसते, रंग असे ताजे की गुडघ्यांवरचा केशरी ओला वाटावा. तिचे सुळे या वेळी पांढरेशुभ्र असतात. पुढच्या दिवसांत ते आधी लालसर, मग काळे होतात. काळे होईपर्यंत तिला चावता येत नाही. त्यामुळे पेटीत विसरून राहिलेला एखादा रातकिडा या वेळी तिचा जीव घेऊ शकतो, मऊ पडलेल्या मादीला तो कुरतडून खातो. आठवडा-दहा दिवस अन्न द्यायचं नाही ते यासाठी. गेल्या वर्षी तुटलेला पाय असेल तर नव्या कातीत तो पुन्हा उगवलेला दिसतो, थोडा बारीक आणि आखूड, पण पूर्ण.

टाकलेली कात जाणते लोक जपून ठेवतात. पोटाच्या भागाची कातडी पाण्यात भिजवून उलगडली की आत मादीची वीर्यकोशिका आहे की नाही ते भिंगातून कळतं, आणि नर-मादीची खातरी होते.

मरणाची खूण वेगळी. कोळ्याच्या पायात पाय लांब करणारे स्नायू पुरेसे नसतात. पाय पसरतात ते आतल्या द्रवाच्या दाबाने. पाणी संपलं, आजारपण आलं, हा दाब उतरला की पाय पोटाखाली मुडपून मिटतात. सरळ उभी असतानाच पाय आत वळले तर काळजी करायची. उताणी पडली तर नाही.

आता भीतीची गोष्ट. अमेरिका खंडातल्या बहुतेक टॅरंट्युलांकडे चाव्याआधी वापरायचं एक हत्यार असतं, पोटावरचे खाजरे केस. छेडलं की ती मागचे पाय पोटावर भराभर घासते आणि सूक्ष्म, काटेदार केसांचा ढग हवेत उडवते. त्वचेला लागले तर खाज आणि पुरळ. डोळ्यात गेले तर गोष्ट गंभीर. इंग्लंडमधल्या लीड्सच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका 29 वर्षांच्या माणसाची हकिगत मांडली होती. डोळा आठवडे लाल, पाण्याने भरलेला, उजेड सहन होत नाही. नेहमीचे थेंब घालून काही उपयोग नाही. भिंगातून पाहिल्यावर बुब्बुळाच्या पारदर्शक पडद्यात केसासारखे बारीक काटे रुतलेले दिसले. तेव्हा त्याला आठवलं: आपल्या चिलीच्या रोझची पेटी पुसताना काचेवरचा एक डाग जात नव्हता, तो घासण्यात गुंग असताना मागे हालचाल जाणवली, वळून पाहिलं तर केसांचा फवारा थेट चेहऱ्यावर. काटे इतके बारीक की चिमट्यानेही निघेनात, दीर्घकाळ स्टेरॉइडचे थेंब घालावे लागले. हा प्राणी हाताळताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा, ही शिफारस त्या डॉक्टरांनी मुद्दाम केली आहे. रोझ ही सर्वांत शांत समजली जाणारी जात, हे इथे लक्षात ठेवण्यासारखं.

चाव्याने माणूस दगावल्याची खातरीलायक नोंद टॅरंट्युलाच्या नावावर नाही. रेड-नी किंवा रोझ चावलीच तर सुळे चांगलेच खोल रुततात, दुखतं, सूज येते, आणि बहुधा दिवसभरात उतरतं. ॲलर्जीची प्रवृत्ती असलेल्यांनी अर्थातच धोका पत्करू नये. याच रोझच्या विषाने वैद्यकशास्त्राला मात्र मोठी मदत केली आहे. अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठात फ्रेडरिक सॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या विषातून एक लहानसं प्रथिन वेगळं काढलं. पेशी ताणली-दाबली गेली की उघडणारी जी सूक्ष्म दारं पेशीच्या आवरणात असतात, ती हे प्रथिन बंद पाडतं. स्पर्शाचं कोडं उलगडणाऱ्या ‘पिएझो’ या दारांचा शोध पुढे 2010 मध्ये आर्डेम पटापूटियन यांनी लावला, त्यांना 2021 चं नोबेल मिळालं, आणि त्या दारांच्या अभ्यासात आजही रोझचं हे प्रथिन प्रयोगशाळांच्या हाताशी असतं.

हातावर घ्यावं की नाही, यावर शौकिनांत न संपणारा वाद आहे. घेऊ नये, हेच बरोबर. प्राण्याला त्यातून काही मिळत नाही. हातावरून पडली तर ती मरते, केस उडवले तर माणसाला त्रास, आणि पाहुण्यांना दाखवायला हातावर घेतलेली मादी समोरच्याच्या किंकाळीने दचकली तर दोन्ही. पेटी साफ करायला तिला हलवायचंच असेल तर झाकणाचा प्लॅस्टिक डबा समोर धरायचा आणि मऊ ब्रशने मागच्या पायांना हलका स्पर्श करायचा, ती आपण होऊन आत जाते. घरात लहान मुलं असतील तर पेटीला कुलूप हवं. मुलांना पाहू द्यावं, शिकार भरवताना शेजारी बसवावं. हात आत घालायला मात्र कधीच देऊ नये.

सर्वांत कमी विचार होतो तो वयाचा. रेड-नीची मादी वीस वर्षं सहज जगते, कित्येक त्याहून जास्त. नराचं नशीब वेगळं. चार-पाच वर्षांत तो वयात येतो, शेवटची कात टाकतो, आणि त्यानंतर बहुधा वर्षभरात संपतो. रानात हा शेवटचा काळ तो माद्यांची बिळं शोधत भटकण्यात घालवतो. विकत घेतलेलं नखाएवढं पिल्लू, शौकिनांच्या भाषेत ‘स्लिंग’, नर निघेल की मादी हे पहिली दोन-तीन वर्षं कळत नाही. म्हणजे दहावीतल्या मुलाने हट्टाने आणलेली मादी त्याचं लग्न होऊन मुलं शाळेत जाईपर्यंत त्या पेटीत असू शकते. तेव्हा तिचं कोण करणार, याचं उत्तर घरात आधी ठरलं पाहिजे. कंटाळा आला म्हणून रानात सोडणं हा उपाय नाही. मेक्सिकोकडची ‘रेड रम्प’ नावाची तिचीच नातलग अमेरिकेत फ्लोरिडाच्या बागांमध्ये जंगली होऊन राहिली आहे, आणि ती तिथे पाळीव व्यापारातूनच पोहोचली असं अभ्यासक मानतात.

भारतात हा शौक छोटा आहे, पण आहे. जुलै 2021 मध्ये चेन्नई विमानतळावरच्या कस्टम्सने पोलंडहून आलेलं एक पार्सल उघडलं. आत चंदेरी कागद आणि कापसात गुंडाळलेल्या 107 छोट्या कुप्या होत्या, प्रत्येकीत एकेक जिवंत कोळी. वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभाग आणि भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनी ते अमेरिका खंडातले टॅरंट्युला असल्याचं सांगितलं, त्यांत रेड-नीच्या वंशातलेही होते. आयात परवाना नाही, आरोग्याची कागदपत्रं नाहीत. पार्सल परत पोलंडला पाठवायचं ठरलं.

त्यानंतर कायदा आणखी स्पष्ट झाला. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये झालेली दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. साइट्सच्या यादीतला कोणताही परदेशी प्राणी बाळगणाऱ्याला आता त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते. पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, तेही कळवावं लागतं. त्याचे नियम 2024 मध्ये आले आणि नोंदणी केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर होते. रेड-नी या यादीत आहे. यादीत नसलेली जात असली तरी परवान्याशिवाय परदेशातून जिवंत प्राणी टपालाने मागवणं बेकायदाच. समाजमाध्यमांवर ‘शांत जातीचं पिल्लू, घरपोच’ अशी जाहिरात दिसली तर पहिला प्रश्न कागदपत्रांचा विचारावा. उत्तर टाळलं गेलं की तिथेच थांबावं.

देशी टॅरंट्युलांचा तर विचारही करू नये. ते शांत नाहीत, आणि ते आपल्या रानाचे आहेत. आंध्रमधल्या गुत्तीजवळचा निळाशार ‘गुटी’ टॅरंट्युला आर. आय. पोकॉक यांनी 1899 मध्ये एकाच नमुन्यावरून जगासमोर आणला, मग शतकभर तो कुणाला दिसला नाही. 2001 मध्ये नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्या मधल्या रानात पुन्हा सापडला. आज परदेशातल्या घरांमध्ये बंदिवासात वाढलेल्या गुटी भरपूर आहेत, आणि मूळ रानातली प्रजात मात्र अतिसंकटग्रस्त यादीत. त्याच्या वंशातल्या सगळ्या प्रजाती 2019 मध्ये साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात गेल्या. याच वंशातला एक देखणा कोळी सह्याद्रीच्या झाडांच्या ढोलीत राहतो. त्याच्या चाव्याने स्नायूंना कित्येक दिवस गोळे येतात.

मुंबईच्या आरे वसाहतीत बिळं करून राहणारा एक टॅरंट्युला तर 2014 मध्येच विज्ञानाला माहीत झाला. झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांनी त्याचं वर्णन केलं आणि त्याला आरेचंच नाव दिलं, ‘हेटेरोफ्रिक्टस आरेएन्सिस’. गोरेगावच्या रस्त्यांपासून हाकेच्या अंतरावर एक अख्खी प्रजात इतकी वर्षं कुणाच्या लक्षात न येता जगत होती.

ज्यांना हा प्राणी मनापासून पाहायचा आहे, त्यांच्यासाठी पावसाळ्यातली रात्र, जाणकाराची सोबत आणि एक मंद टॉर्च हा पेटीहून चांगला मार्ग आहे. बिळाच्या तोंडाशी रेशमाचं अस्तर आणि आत टेकलेले दोन केसाळ पाय दिसले की तिथेच, दोन पावलं लांब थांबावं. बिळात काडी घालू नये, खणू नये. फोटो खुशाल काढावा, पण तो टाकताना जागेचं नाव लिहू नये. विकणारे त्याच नावावरून तिथे पोहोचतात.